रामेनच्या दुकानात: तिकिटाच्या मशीनपासून शेवटच्या घोटापर्यंत

टोकियो, ओसाका, फुकुओका, कुठल्याही स्टेशनातून बाहेर पडा, दोन गल्ल्यांच्या आत रामेनचं, म्हणजे गरम सुपातल्या नूडल्सचं, एखादं दुकान दिसतंच. दारावर कापडी पडदा, आत आठ-दहा स्टुलं, बाहेर भिंतीला खेटून रांग. आत शिरलं की मेन्यूकार्ड घेऊन कोणी येत नाही. दाराशीच बटणांनी भरलेलं एक मशीन उभं असतं, बटणांवर सगळं जपानीत, आणि तुमच्या मागे तीन माणसं घड्याळाकडे बघत उभी. आपली माणसं गडबडतात ती इथंच. दिसेल ते बटण दाबतात आणि समोर डुकराच्या मांसाचे चार जाड काप आले की एकमेकांकडे बघत बसतात.

रामेनच्या दुकानात काय खायचं ते बसण्याआधी ठरवायचं असतं. बसल्यावर उरतं ते फक्त खाणं. म्हणून या लेखाचा बराचसा भाग दुकानाच्या दाराबाहेरचाच आहे.

वाडग्यात नेमकं काय असतं

मालक वाडगा घेतो आणि तळाशी पळीभर गडद द्रव ओततो. हा ‘तारे’, म्हणजे चवीचा अर्क. खारटपणा जवळजवळ सगळा याच्यातून येतो. त्यावर थोडं वासाचं तेल, मग मोठ्या पातेल्यातलं उकळतं सूप, मग नूडल्स, आणि सगळ्यात वर चाशु (शिजवलेल्या डुकराच्या मांसाचे काप), अंडं, कांद्याची पात, मेनमा (मुरवलेले बांबूचे कोंब), नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा. मिसळीच्या दुकानात कट आणि उसळ वेगवेगळ्या भांड्यांत असतात आणि ताटलीत एकत्र येतात, तसाच हा प्रकार. तारे, तेल आणि सूप वाडग्यातच पहिल्यांदा भेटतात.

हे कळलं की नावांचा घोळ सुटतो. शोयु (सोया सॉस), शिओ (मीठ) आणि मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) ही तारेची नावं आहेत. तोनकोत्सु हे सूपचं नाव आहे, डुकराची हाडं तासन् तास खळाखळा उकळून केलेलं पांढरट, दाट सूप. म्हणजे ‘शिओ रामेन’ वाचून ‘नुसतं मिठाचं साधं सूप’ असा अर्थ काढू नका. मीठ तारेत आहे. खालचं सूप कोंबडीचं, डुकराचं, सुक्या मासळीचं किंवा तिन्हींचं असू शकतं. मिसो रामेनचंही तेच. मिसो सोयाबीनचं असलं तरी सूप हाडांचंच.

प्रांताप्रांताचा पंथ वेगळा. होक्काइदोतल्या साप्पोरोचं मिसो रामेन १९५०च्या दशकातलं. जाड, पिवळसर, कुरळ्या नूडल्स आणि वर चरबीचा थर. तो थर सूप गरम ठेवतो, त्यामुळे वाफ दिसली नाही तरी पहिला घोट जपून घ्या, जीभ पोळते. क्यूशूतल्या हाकाताचं तोनकोत्सु, सरळ आणि शेवयांसारख्या बारीक नूडल्सचं. फुकुशिमा प्रांतातल्या किताकाता गावी शोयु रामेन, चपट्या नूडल्स. तिथं लोक सकाळच्या न्याहारीलाही रामेन खातात. पहिल्यांदाच जाणार असाल आणि मांसाहार चालत असेल तर माझं मत शोयुला. तोनकोत्सुच्या काही दुकानांचा वास गल्लीच्या तोंडापासून येतो, आणि पहिल्या भेटीत तो सगळ्यांना झेपतो असं नाही.

शाकाहारी असाल तर

हा भाग नीट वाचा, कारण गोड बोलून फसवणारा सल्ला इथंच जास्त मिळतो. ‘वरचं मांस काढून द्या म्हणून सांगायचं’ असं अनेक जण सुचवतात. त्याने काही साधत नाही. चाशु बाजूला काढलं तरी सूप हाडांचं, तेल बहुतेकदा कोंबडीचं किंवा डुकराच्या चरबीचं, आणि तारेत सुक्या मासळीचा अर्क. सूप काल रात्रीपासून उकळतंय. तुमच्यासाठी वेगळं करायची सोय दुकानात नाही. साध्या दुकानात शाकाहारी रामेन ‘करून मागणं’ हे तुमच्यासाठीही वाईट आणि मालकासाठीही.

उदोन किंवा सोबाच्या (नूडल्सचेच दुसरे प्रकार) दुकानात गेलं म्हणजे सुटलो, असंही नाही. तिथल्या रश्शाचा पाया ‘दाशी’, आणि दाशी म्हणजे बहुतेक ठिकाणी कात्सुओबुशी, वाळवून धुरवलेल्या बोनितो माशाचे पापुद्रे. माशाचा तुकडा दिसत नाही, म्हणून जपानी माणूस त्याला मासा धरत नाही आणि विचारलं तर भाबडेपणाने ‘मासे नाहीत’ म्हणतो. त्याचा दोष नाही.

उपाय एकच: शाकाहारी वाडगा मेन्यूवर छापलेला असेल अशाच दुकानात जायचं. टोकियो स्टेशनातलं ‘टीज तानतान’ पूर्ण वीगन (दूध-अंड्यासकट प्राणिज काहीच नाही) आहे, तिळाच्या दाट सूपचं तानतानमेन हा तिथला मुख्य पदार्थ. ते तिकीट-फाटकाच्या आत आहे, त्यामुळे गाडी बदलताना किंवा शिंकानसेन पकडण्याआधी जेवायचा बेत करा. ‘आफुरी’ या साखळीच्या मेन्यूवरही वीगन रामेन असतं, मात्र तिथं बाकीचे पदार्थ मांसाहारी, स्वयंपाकघर एकच. ते चालत नसेल तर टीज तानतान बरं. मेन्यू बदलत असतात, निघण्याआधी दुकानाचं पान उघडून खात्री करून घ्या. या दोन्ही ठिकाणी कांदा-लसूण असतोच असं धरून चाला. तो वर्ज्य असेल तर रामेनचा नाद सोडून बौद्ध मठांतलं ‘शोजिन र्योरी’ शोधा. त्या परंपरेत मांस-मासे नाहीत आणि कांदा-लसूणही टाळतात.

फक्त डुक्कर नको असेल तर ‘तोरी पाइतान’ पाहा, ते कोंबडीचं पांढरं सूप. पण वर चाशु डुकराचं असू शकतं, तेवढं विचारा. टोकियोच्या आसाकुसा भागातलं ‘नारितया’ हे हलाल रामेनचं दुकान कोंबडीवर चालतं. गोमांस नको असणाऱ्यांना रामेनमध्ये एरवी फारशी धास्ती नाही, बहुतेक सूप डुकराचं किंवा कोंबडीचं. अपवाद तोत्तोरी प्रांताचा. तिथं ‘ग्यूकोत्सु’, म्हणजे गाईच्या हाडांचं रामेन ही स्थानिक खासियत आहे. आणि करी उदोन किंवा करी रामेन दिसलं की थांबा; जपानी करीच्या तयार वड्यांत गोमांसाची चरबी सर्रास असते.

विचारायचं वाक्य सोपं आहे: ‘बुतानिकु, हाइत्ते इमासु का?’ डुकराचं मांस आहे का? बुतानिकुच्या जागी ग्यूनिकु (गोमांस), तोरिनिकु (कोंबडी), साकाना (मासा), तामागो (अंडं) घाला. तरी फोनमध्ये जपानीत लिहून ठेवलेलं दाखवणं जास्त भरवशाचं. अंड्याचं खास लक्षात ठेवा: काही दुकानांच्या नूडल्समध्येही ते असतं.

कधी जायचं, रांग कशी लावायची

लहान दुकानं दुपारी अकरा-साडेअकराला उघडतात, दोन-तीनच्या सुमारास बंद होतात आणि संध्याकाळी पुन्हा उघडतात. पडदा बाहेर टांगलेला असेल तर दुकान चालू, आत घेतला असेल तर बंद. नावाजलेल्या दुकानात सूप संपलं की वेळेआधीच पडदा आत जातो. ऑफिसांची जेवणाची सुट्टी बाराला होते, म्हणून साडेअकराला पोचा, नाहीतर दीडनंतर.

रांगेचे नियम दुकानागणिक वेगळे. कुठे आधी आत जाऊन तिकीट काढायचं आणि मग रांगेत उभं राहायचं, कुठे आधी रांग आणि बोलावल्यावर तिकीट. पुढचा माणूस काय करतो ते बघा, तेवढं पुरतं. एक मात्र सगळीकडे सारखं: एकाने रांगेत उभं राहून चौघांची जागा धरणं चालत नाही. चौघं असाल तर चौघं रांगेत. चार स्टुलं शेजारी-शेजारी मिळतील हा हट्टही सोडा. सुटं बसायची तयारी असली की आत लवकर जाता येतं.

मशीन

याला ‘शोक्केनकी’ म्हणतात. खिशात १००० येनच्या नोटा आणि नाणी हवीतच. जुनी मशीनं ५००० आणि १०,००० च्या नोटा घेत नाहीत, कार्ड तर नाहीच. त्यात जुलै २०२४ मध्ये जपानने नव्या नोटा आणल्या आणि लहान दुकानांना मशीनं बदलायचा भुर्दंड बसला. जी बदलली नाहीत ती नवी नोट परत ओकून टाकतात. अशा वेळी दुकानदाराला नोट दाखवून ‘र्योगाए’ म्हणा, तो सुटे किंवा जुनी नोट देतो. (नव्या हजाराच्या नोटेवरचे गृहस्थ किताझातो शिबासाबुरो. १८९४ साली हाँगकाँगच्या साथीत प्लेगचा जंतू शोधणाऱ्या दोघांपैकी एक. दोन वर्षांनी तोच प्लेग मुंबईत उतरला आणि पुढे पुण्यात काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे.) मोठ्या शहरांत आता स्पर्शपडद्याची मशीनंही आली आहेत, त्यांत इंग्रजी भाषा निवडता येते आणि रेल्वेचं सुइका कार्डही बऱ्याचदा चालतं.

जुन्या मशीनचा क्रम असा. आधी पैसे घाला. तेवढ्या पैशांत जे येतं त्याच बटणांचे दिवे लागतात. मग बटण दाबा, खालच्या खाचेत चिठ्ठी पडते. अंडं, जादा नूडल्स, बिअर, ग्योझा (मोमोसारखा पदार्थ), प्रत्येकाचं वेगळं बटण आणि वेगळी चिठ्ठी. सगळं झालं की सुट्या पैशांची कळ फिरवा. काही मशीनं ती फिरवल्याशिवाय उरलेले पैसे देत नाहीत आणि लोक तसेच निघून जातात.

कुठलं बटण? सगळ्यात वरच्या ओळीतलं डावीकडचं पहिलं. दुकानाची खासियत बहुधा तिथंच असते, आणि बहुतेकदा तोच साधा, मूळ वाडगा. शेजारचं मोठं, महाग बटण ‘सगळं घालून’ वाल्या वाडग्याचं असतं, त्यात मांस दुप्पट-तिप्पट. पहिल्यांदा साधाच घ्या आणि सोबत आजितामाची, म्हणजे सोया सॉसमध्ये मुरवलेल्या अर्धकच्च्या अंड्याची चिठ्ठी काढा. साधारण ८०० ते १२०० येनमध्ये वाडगा येतो. एका वाडग्याला हजाराच्या वर पैसे घ्यावेत की नाही यावर जपानात वर्षानुवर्षं चर्चा चालू आहे, दुकानदार त्याला ‘हजार येनची भिंत’ म्हणतात. टोकियोत ती भिंत बऱ्याच ठिकाणी पडली आहे.

चित्रं नसतील आणि वाचता येत नसेल तर मशीनचा फोटो काढा, बाजूला व्हा, मागच्यांना पुढे जाऊ द्या आणि फोनवर भाषांतर बघून परत या. कोणी काही म्हणत नाही. मशीनसमोर उभं राहून पाच मिनिटं चौघांत खल करणं मात्र लोकांना खटकतं.

स्टुलावर

दाखवतील तिथं बसायचं. बॅगेसाठी स्टुलाखाली टोपली किंवा भिंतीला खुंटी असते. पाणी स्वतः घ्यायचं, ग्लास आणि जग समोर किंवा कोपऱ्यात. चिठ्ठ्या काउंटरच्या वरच्या कट्ट्यावर ठेवा.

चिठ्ठी उचलताना तुम्हाला काहीतरी विचारलं जाईल. हाकाता पद्धतीच्या दुकानात तो प्रश्न नूडल्स किती कडक हव्यात याचा असतो. मऊपासून कडकपर्यंत क्रम असा: यावा, फुत्सु, काता, बारीकाता, आणि त्याच्याही पुढे हारिगाने, म्हणजे अक्षरशः धातूच्या तारेसारख्या. नुसतं ‘फुत्सु’ म्हटलं की नेहमीसारख्या येतात. थोडी चावायला मजा हवी असेल तर ‘काता’. त्यापुढे जाण्यात मर्दुमकी आहे, चव नाही. आतलं पीठ कच्चं लागतं. इचिरानसारख्या साखळीत हे सगळं छापील कागदावर गोल करून द्यायचं असतं: सूप किती दाट, तिखट किती, लसूण किती. तो कागद इंग्रजीतही मिळतो. बाजूला लाकडी फळ्या लावलेला एकेकट्याचा खण, समोर छोटी खिडकी, तिच्यातून वाडगा सरकतो आणि पडदी खाली येते. एकट्याने जेवायला संकोच वाटणाऱ्यांना हे दुकान फार बरं.

जागा काउंटरवर मिळाली असेल तर फोन खिशात ठेवा आणि समोर बघा. प्रत्येक वाडग्याच्या नूडल्स वेगळ्या खोलगट जाळीत उकळत असतात. घंटी वाजते. मालक जाळी उचलतो आणि मनगटाला झटका देतो, एक, दोन, तीन, पाणी फटकन खाली जमिनीवर पडतं. नूडल्सला चिकटलेलं पाणी सूप पातळ करतं म्हणून एवढा आटापिटा. मग नूडल्स सुपात सोडून चॉपस्टिक्सनी एकदा उचलून, दुमडून, साडीच्या निऱ्यांगत नीट लावून ठेवतो. त्यानंतर सेकंद मोजायला सुरुवात होते, कारण गरम सुपात नूडल्स शिजतच राहतात.

खाताना

म्हणून लगेच खा. एक फोटो चालतो, फोटोंचा कार्यक्रम नको. आधी रेंगे (खोलगट चमचा) घेऊन नुसतं सूप दोन घोट. मगच समोरच्या डब्यांकडे हात न्या: मिरपूड, राय्यु (मिरचीचं तेल), व्हिनेगर, तीळ, लसूण ठेचायचं यंत्र. हाकाताच्या दुकानात तिखट ताकाना, म्हणजे मोहरीच्या पाल्याचं लोणचं असतं. आपल्या जिभेला ते पाहताच हात शिवशिवतो, पण सूप चाखण्याआधी त्याचा ढीग घालणं मालकाला मुळीच आवडत नाही. अर्धा वाडगा तसाच खाऊन मग थोडं घाला, एकाच पैशात दोन चवी मिळतात.

आवाज करून ओढायचं. लहानपणापासून ‘तोंडाचा आवाज करू नकोस’ ऐकलेल्या माणसाला हे जड जातं. पण ओढल्याने नूडल्स निवतात आणि वास नाकापर्यंत पोचतो. जमलं नाही तर रेंगेत थोड्या घेऊन खा, तेही चालतं. चॉपस्टिक्स अन्नात उभ्या खुपसून ठेवू नका, ते अंत्यविधीतलं चिन्ह आहे. काटा हवा असेल तर ‘फोकु’ मागा, असला तर देतील.

नूडल्स संपल्या आणि सूप उरलं, भूकही उरली, तर ‘काएदामा ओनेगाइशिमासु’ म्हणा. नूडल्सची दुसरी फेरी, बहुधा १०० ते २०० येन. ही रीत फुकुओकाच्या नागाहामा मासळीबाजाराची. बाजारातल्या माणसांना वेळ नसे, म्हणून झटकन शिजणाऱ्या बारीक नूडल्स. त्या पटकन फुगतात, म्हणून पहिल्यांदा थोड्याच द्यायच्या आणि मागितल्यावर परत. सगळं सूप पिऊन मग काएदामा मागितला तर कोरड्या नूडल्स बघत बसाल, तेव्हा सूप राखून ठेवा. जाड नूडल्सच्या दुकानांत ही सोय बहुतेक नसते, तिथं सुरुवातीलाच ‘ओमोरी’ (जास्त) घ्यावं लागतं.

सूप संपवलंच पाहिजे असं नाही. सगळं प्यायलं तर एका वाडग्यातून पाच-सहा ग्रॅम मीठ सहज पोटात जातं, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसभरासाठी पाच ग्रॅमच्या आत राहायला सांगते. रक्तदाब असलेल्यांनी नूडल्स आणि वरचं खाऊन सूप खुशाल ठेवावं. त्यात अपमान नाही, शेजारचा जपानी काकाही तेच करत असतो.

दोन वेगळ्या वाटा

त्सुकेमेनमध्ये नूडल्स गार पाण्यात धुऊन वेगळ्या थाळीत येतात आणि दाट, खारट रस्सा वेगळा. घास-घास बुडवून खायचं, नूडल्स रश्श्यात ओतून नव्हे. हा प्रकार नावारूपाला आणला टोकियोतल्या ताइशोकेनच्या यामागिशी काझुओ यांनी. नूडल्स संपल्यावर ‘सूपु-वारी’ मागितलं की उरलेल्या रश्श्यात गरम, बिनमिठाचं सूप घालून देतात, ते प्यायचं. उन्हाळ्यात टोकियोच्या उकाड्यात मी रामेनपेक्षा याची शिफारस करेन.

दुसरं जिरो पद्धतीचं रामेन. नूडल्सवर कोबी-मोडांचा डोंगर, चरबी, ठेचलेला लसूण. मालक ‘निन्निकु इरेमासु का?’ विचारतो, लसूण घालू का, आणि तुम्ही त्याच वेळी भाजी, चरबी, तारे किती ते ठराविक शब्दांत सांगायचं. इथला ‘लहान’ वाडगाही ३०० ग्रॅमच्या आसपास नूडल्सचा. पहिल्या सहलीत जाऊ नका, आणि गेलात तर टाकू नका.

उठताना, आणि मुलं बरोबर असतील तर

पंधरा-वीस मिनिटांत उठायचं. वाडगा आणि ग्लास वरच्या कट्ट्यावर ठेवा, जवळ फडकं असेल तर आपली जागा पुसा, ‘गोचिसोसामा देशिता’ म्हणा आणि निघा. टिप नाही, ठेवलीत तर मागे पळत येऊन परत देतील.

माणशी एक वाडगा हा बहुतेक दुकानांचा नियम आहे, दोघांत एक मागवू नका. लहान मुलांना सूट असते, ‘तोरिझारा’ म्हटलं की छोटी वाटी मिळते. पण काउंटरवरची उंच स्टुलं आणि उकळतं सूप बघता पाच वर्षांखालच्या मुलांना घेऊन अरुंद दुकानात जाऊच नये. मॉलच्या फूड कोर्टात रामेनचा गाळा असतो, तिथं टेबलं आहेत, आरडाओरडाही चालतो. किंवा योकोहामाला जा. शिन-योकोहामा स्टेशनपासून चालत काही मिनिटांवर १९९४ साली सुरू झालेलं रामेन संग्रहालय आहे. प्रवेशाचं तिकीट काढून तळघरात उतरलं की १९५८ सालची गल्ली उभी केलेली दिसते (मोमोफुकु आंदो यांनी इन्स्टंट रामेन बाजारात आणलं ते साल), आणि त्या गल्लीत वेगवेगळ्या प्रांतांची दुकानं. तिथं छोटा वाडगाही मिळतो. सकाळी उघडताच पोचा, दोन छोटे वाडगे दोन दुकानांत खा, शनिवार-रविवार टाळा.